कच्चं मडकं, पक्का टायरॉड

आमच्या आण्णांची फियाट अकरा वर्षं डावीकडं बघत उभी होती.

२०१४ साली अ‍ॅम्बॅसॅडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्या बनायच्या थांबल्या आणि आमच्याकडं फियाट चालायची थांबली. शेवटच्या दिवशी शेडमध्ये घालताना आण्णांनी स्टेअरिंग डावीकडं पार शेवटपर्यंत मारलं, कारण उजव्या बाजूला कडब्याची गंजी होती. किल्ली देवघरात करंड्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "उद्या सरळ करू." मधल्या काळात कडबा संपला, म्हैस विकली, आई गेली, माझे केस गेले, जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. तो उद्या मात्र उजाडला नाही. धक्का दिला की गाडी दीड हात सरकायची आणि रिकाम्या गव्हाणीला नाक लावायची. म्हैस गेल्यावर गव्हाणीत तोंड घालणारं आमच्या घरात तेवढं एकच जनावर उरलं होतं.

यंदा चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला मी पुण्याहून तेरला गेलो तो दोन कामं ठरवून. एक, गाडी विकायची. दोन, आण्णांना पुण्याला न्यायचं. गाडीला गिऱ्हाईक तयार होतं. पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांना जुनी पद्मिनी, म्हणजे आमच्यासारखी फियाट, हवी होती. इंजिन बंद असलं तरी चालेल, म्हणाले. फक्त टेम्पोत चढवताना ती सरळ चालली पाहिजे. आण्णांची अट त्याहून साधी होती. ते येणार नव्हते.

तेरला वाहतुकीचा इतिहास मोठा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं आपल्या प्रवासवहीत या गावाची नोंद केली आहे. त्या वहीला 'पेरिप्लस' म्हणतात, आणि तिच्यात आमच्या गावाचं नाव तगर असं येतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल बैलगाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जातं, असं त्यानं लिहिलंय. आमच्याकडचे लोक हे वाचून दोन गोष्टींवर खूश होतात : गावाचं नाव पार परदेशात गेलं होतं, आणि रस्त्यांबद्दलची तक्रार एवढी जुनी आहे.

तर ज्या गावानं भडोचपर्यंत माल पोचवला त्या गावात मला एक गाडी टेम्पोपर्यंत न्यायची होती. अंतर, बावीस पावलं.

त्या जुन्या बैलगाड्यांना स्टेअरिंग नव्हतं, हे लक्षात घ्या. वळवायचं खातं बैलांकडं. बैल अडलाच तर त्याची शेपटी पिरगाळता येते. फियाटला तीही सोय नाही. शिवाय प्रत्येक गाड्याखाली वंगणाचा नळा लोंबत असायचा. गाडा निघाला की नळाही निघाला. त्यावरूनच 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण पडली, आणि आपण ती फुकट मागं लागलेल्या माणसाला लावतो. मला हा नळ्यावर अन्याय वाटतो. नळा बरोबर होता म्हणून तर गाडा भडोचला लागला. नाहीतर पैठणच्या अलीकडंच आस कुरकुरून बसला असता. आमच्या गाडीला अकरा वर्षं ना यात्रा घडली, ना नळा मिळाला.

आण्णांना गाडीबद्दल काहीही विचारलं की ते वालचंद हिराचंदांपासून सुरू करतात.

"सोलापूरचा माणूस," खुर्चीत सरसावून बसत ते म्हणाले. "आधी रेल्वेची कंत्राटं घ्यायचा. आपली बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांची. तिचं येडशी-तडवळ्याकडचं काम त्याच्या सुरुवातीच्या कामांतलं. म्हणजे आपल्याच शिवारातून वर आलेला गडी. पुढं आगबोटी काढल्या, विमानांचा कारखाना काढला, मग १९४४ ला प्रीमियर. ही त्या कंपनीची गाडी. कुर्ल्याची."

"ते खरं, आण्णा. पण स्टेअरिंग कशानं अडकलंय?"

"तेच सांगतोय. रुळावरच्या गाडीला स्टेअरिंग नसतं."

आण्णा पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेत. निदान करताना ते रोग्याच्या आजोबांपासून येतात.

मी इंजिनिअर आहे, पण संगणकाचा. आमच्यात जे समोर दिसतं त्याच्यावर आधी संशय घेण्याची पद्धत आहे. स्टेअरिंग वळत नाही, म्हणजे दोष स्टेअरिंगमध्ये, एवढा शुद्ध तर्क करून मी पहिल्या दिवशी ते गोल चाकच काढायला घेतलं. हॉर्नचं बटण उचकटलं. खाली एक मोठा नट होता, तो पान्यानं काढला, वर उचलून सगळ्यांना दाखवला आणि खिशात टाकला. चाक ढिम्म हललं नाही. त्याच्या आत आणि दांड्यावर बारीक उभ्या खाचा असतात. त्या एकमेकींत दात रुतवून बसलेल्या असतात, आणि वरून गंज चढला की दातखीळ बसते.

मग मी सीटवर बसलो, दोन्ही गुडघे डॅशबोर्डला लावले, चाक दोन्ही हातांनी धरलं आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं ओढायला लागलो. तासभर काही झालं नाही. नंतर जे झालं ते फार लवकर झालं. चाक एकदम सुटलं आणि माझ्या कपाळाच्या मधोमध येऊन बसलं. 'बद्द' असा आवाज आला.

दारात यात्रेला आलेली पाच-सहा मंडळी उभी होती. त्यातले एक म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "कच्चं हाय."

ज्यांना तेर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात हा शेरा गमतीचा नाही, त्याला सातशे वर्षांची परंपरा आहे. संतमंडळी गोरोबाकाकांकडं, म्हणजे संत गोरा कुंभारांकडं, जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून हे काय म्हणून विचारलं. काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. ती म्हणाली, मग आमचीही मडकी बघा की. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणत परीक्षा घेतली. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल लागला : हे मडकं कच्चं. नामदेवांना पुढं गुरू करायला विसोबा खेचरांकडं जावं लागलं. मला ढोकी रोडच्या गॅरेजवर जावं लागणार होतं, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

चैत्र वद्य त्रयोदशी ही काकांची पुण्यतिथी. शके १२३९ सालची समाधी, आणि अजून त्या दिवसांत तेरणा नदीच्या काठी माणूस मावत नाही. एवढ्या गर्दीचा मुहूर्त धरून मी शेडचं दार सताड उघडं ठेवलं होतं, ही माझी दुसरी चूक. गावात अडकलेली वस्तू ही सार्वजनिक मालमत्ता असते. चालत्या गाडीकडं कुणी ढुंकून बघत नाही. अडलेल्या गाडीभोवती मात्र दहा मिनिटांत कमिटी बसते.

"काय करलालाव साहेब?" हा पहिला प्रश्न. तो कुतूहलापोटी विचारलेला नसतो. त्याचा अर्थ, सरका.

कुणी म्हणालं, रॉकेल सोडा. मग आता रॉकेल मिळतं कुठं, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि ती रेशन कार्डावर जाऊन संपली. कुणी म्हणालं, डिझेल. कुणी ब्रेक ऑइल. एका कॉलेजच्या पोरानं कोल्ड्रिंक ओतायला सांगितलं. बाटली आणायला तोच धावत गेला आणि अर्धी पिऊन परत आला. एका काकूंनी उकळतं पाणी सुचवलं, कारण डब्याचं झाकण त्यानं निघतं. नारळ फोडायचा ठरावही मांडला गेला. त्याला विरोध फक्त आण्णांचा होता, आणि तोही 'आधी फोडायचा की नंतर' एवढ्यापुरताच.

गाडीखाली वाकून बघणारा पहिला माणूस म्हणजे साखर कारखान्यात फिटरकी केलेले एक तात्या. त्यांनी सांगितलं, "दोष वर न्हाई, खाली हाय. चाकाला दांडा जोडलाय बगा, तो आधी सोडवा." हे निदान बरोबर होतं. उपाय मात्र जगावेगळा. चाकाच्या आतल्या बाजूला लोखंडी हात असतो, त्यात टायरॉडचं टोक बसवलेलं. त्याचा नट मी तात्यांच्या देखरेखीखाली काढला. तोही सहज निघाला. मी परत तो वर उचलून दाखवला. आणि परत काही सुटलं नाही.

"आता हाना," तात्या म्हणाले.

आट्यांच्या टोकावर मी हातोडा घातला. एक, दोन, दहा, वीस. गाडी हलली, शेड हललं, पत्र्यावरची चिमणी उडाली. टायरॉड जागच्या जागी. आण्णा खुर्चीतून म्हणाले, "सगळी नोकरी अडलेली वासरं सोडवण्यात गेली माझी. असं कुणी हाणलं असतं तर गावानं मला हाणलं असतं."

तिसऱ्या दिवशी ढोकी रोडच्या गॅरेजवरून मिस्त्री आले. सोबत एक पोरगं आणि एक पत्र्याची पेटी. मिस्त्रींनी आधी सीटवर पडलेलं स्टेअरिंगचं चाक बघितलं, मग माझ्या कपाळाचं टेंगूळ बघितलं, आणि मान हलवली.

"साहेब, पायात काटा मोडल्यावर टोपी काढली व्हय तुमी?" ते म्हणाले. "आन काढायचीच व्हती तर नट दोन आटे वर ठेवायचा असतो. चाक सुटलं तरी नटाला अडकतं. तोंडावर येत न्हाई."

मग ते टायरॉडकडं वळले. माझ्या हातोड्यानं आट्यांचं टोक चेचून बाहेर पसरलं होतं.

"फूल केलंय," ते म्हणाले. ही गॅरेजातली संज्ञा. एवढ्या सुंदर शब्दानं इतका अपमान माझा आधी कुणी केला नव्हता. आता त्यावरून नट परत चढणार नव्हता. टोक नवंच घालावं लागणार होतं, आणि मिस्त्रींनी ते सोलापूरहून मागवायला फोन लावला.

ते येईपर्यंत त्यांनी उत्खनन सुरू केलं. बा. ना. चापेकरांनी १९५८ साली तेरच्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केलं तेव्हा एकाखाली एक वस्तीचे थर लागले होते. मिस्त्रींनी वायरब्रश घेऊन आमच्या डाव्या चाकामागं केलं, तेव्हाही लागले. सगळ्यात वर कोळ्याची जाळी. त्याखाली कोंबडीची पिसं. त्याखाली भुसा आणि कडब्याचा चुरा, म्हणजे पशुपालनाचा काळ. त्याखाली पावसाळी चिखलाचा कडक थर, म्हणजे गाडी फिरत होती तो समृद्धीचा काळ. आणि तळाशी, कुठल्यातरी सुवर्णयुगात भरलेलं ग्रीस, आता डांबर झालेलं. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथल्या हस्तिदंती बाईचं नातं अभ्यासक थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या बाईशी जोडतात. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते गाव. सांगायचं एवढंच, की इटलीशी आमचा संबंध फियाटच्या बराच आधीचा आहे, आणि तेरमध्ये कुठलीही वस्तू घाईनं बाहेर येत नाही.

"मिस्त्री," मी विचारलं, "नट तर मी काढला. मग हे धरलंय कशानं?"

त्यांनी पेटीतून एक जुनं सुटं टोक काढून माझ्या हातात दिलं. त्यातला खिळा गाजरासारखा होता. बुडाशी जाड, शेंड्याकडं निमुळता, आणि शेंड्यावर आटे.

"ह्याला टेपर म्हनत्यात. भोक पन आसंच निमुळतं. नट काय करतो? निस्ता वढून बसवतो. एकदा बसलं की नटाचं काम संपलं. मंग धरून ठिवतो तो टेपर. नट काढला म्हंजी सुटलं, आसं समदी म्हनत्यात. नट काढला म्हंजी निस्ता नट काढला."

बाटलीत बूच ठोकून बसवावं तसा प्रकार. आणि वरून गंज. लोखंड गंजलं की झिजून बारीक होत असेल, अशी आपली समजूत. पण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा उन्हाळाभर राहिला की घरात जशी अडचण होते, तशी त्या भोकात होते. बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो आतच पाय पसरतो.

"मग गॅसनं तापवलं तर?"

"तापवलं तर सुटंल. पन रबरी टोपी जळती. आन आतलं ग्रीसबी. जे ऱ्हायलंय ते जाळून सोडवन्यात काय अर्थ?"

मिस्त्रींनी पुलर काढला. दोन बोटं लोखंडी हाताच्या मागं, आणि मधला स्क्रू टोकावर. फूल झालेलं टोक आधी कानशीनं घासून सारखं केलं, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. पुलर आवळला. तो कण्हायला लागेपर्यंत आवळला आणि सोडून दिला.

"आता?"

"आता च्या."

चहा झाला. पुलर एकटाच जोर लावत राहिला. मला वाटलं, तात्यांसारखंच आता टोकावर घालतील. पण मिस्त्रींनी पोराला घण दिला आणि लोखंडी हाताच्या, ज्यात ते भोक आहे त्या कानाच्या, मागच्या बाजूला टेकवून धरायला सांगितला. मारायचा नाही, नुसता धरायचा. मग समोरून, बरोबर त्याच कानावर, छोट्या हातोडीनं आडवा ठोका घातला. बद्द. मान तिरकी करून ऐकलं. जागा करंगळीभर बदलली. परत. बद्द.

"टोकावर मारून टेपर निस्ता हादरतो," ते म्हणाले. "कानावर मारायचं. भोक जरासं चेपतं, लांबुळकं व्हतं, परत गोल व्हतं. तेवढ्यात तो सोडतो. पन मागून आधार पायजे. न्हाईतर समदा मार वायाच."

मी ते दृश्य आधी कुठंतरी बघितलंय असं वाटलं, आणि कुठं ते लगेच आठवलं. कुंभारगल्लीत. ओलं मडकं थापटताना कुंभार एका हातानं आतून दगडी गोळा धरतो आणि दुसऱ्या हातानं बाहेरून थापटणं मारतो. दोन्ही एकाच जागी, मध्ये तेवढी माती. आतला हात नसेल तर पहिल्याच फटक्यात मडकं आत जाईल. लहानपणापासून गोरोबाकाकांची गोष्ट ऐकताना मी नेहमी बाहेरचं थापटणं ऐकलं होतं. आतल्या हाताची आठवण मला कुणी करून दिली नव्हती. कपाळ चोळत मी एवढंच मनाशी म्हटलं, की नामदेवांना ठोका खाल्ल्यावर पाठीमागं विसोबा मिळाले. माझ्यामागं त्या दिवशी फक्त सीटचा फाटका रेक्झिन होता.

बद्द. बद्द. मिस्त्रींनी आणखी अर्धा आटा पुलर आवळला. बद्द.

टण्!

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. पुलर उडून भुश्यात पडला, टायरॉड खाली लोंबकळला, पत्र्यावर परत आलेली चिमणी परत उडाली. अकरा वर्षांचा घट्ट संसार एका टणत्कारात मोडला. दारातल्या कमिटीनं टाळ्या वाजवल्या. "मी म्हनलंच व्हतं," तात्या म्हणाले.

पुढचं काम भराभर झालं. वरचं चाक खाचांवर टेकवून फिरवलं तर ते लोण्यासारखं फिरलं, म्हणजे स्टेअरिंग बॉक्स निर्दोष सुटला. उजवं चाक हातानं वळलं, तेही सुटलं. डाव्या चाकाचा किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक वळतं तो खिळा, तेवढा सुकून धरला होता. मिस्त्रींनी तिथलं ग्रीसचं निपल तारेनं कोरून काढलं, तेल सोडलं, चाक इंच-इंच मागंपुढं करत राहिले, आणि ग्रीसगननं ताजं ग्रीस भरलं तेव्हा दुसऱ्या बाजूनं काळी वळवळणारी शेवई बाहेर आली. ती संपून पिवळी शेवई यायला लागली तशी आण्णांनी खुर्ची पुढं ओढली. एखादी म्हैस व्याल्यावर बघावं तसं ते बघत होते.

संध्याकाळी सोलापूरचं टोक आलं. जुनं टोक दांड्यावरून फिरवून काढताना पोरगं मोठ्यानं आटे मोजत होतं, कारण नवं तेवढेच फेरे बसवायचं, म्हणजे चाकांची तोंडं फार फाकत नाहीत. "अकरा, बारा..." तेवढ्यात आण्णांनी विचारलं, "वालचंद कितव्या साली गेले रे?" मी म्हणालो, "१९५३." पोरगं म्हणालं, "त्रेपन्न, चोपन्न..." सगळं परत पहिल्यापासून.

निघताना मिस्त्रींनी बजावलं, "निस्ती सरळ दिसती म्हनून सरळ हाय आसं न्हाई. मशिनवर अलाइनमेंट करून घ्या. आन दर म्हैन्याला ग्रीस. ही ग्रीसवर जगनारी गाडी हाय, पेट्रोलवर न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी धक्का दिला. आण्णा आत बसले होते. गाडी गव्हाणीला बगल देऊन, दारातून, बावीस पावलं सरळ चालत गेली आणि लिंबाखाली थांबली. आण्णा बराच वेळ उतरले नाहीत. मी खिडकीशी गेलो. ते चाक उगाच थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं करत होते.

"आण्णा, गाडी तर निघाली," मी म्हणालो. "आता तुम्ही पण चला. इथं एकट्यानं काय ठेवलंय?"

हा ठोका मी गेली चार वर्षं घालत होतो. दिवाळीला, फोनवर, डॉक्टरांच्या देखत. आई गेल्यावर आम्हाला वाटलं होतं की आता काही अडकवून ठेवणारं उरलं नाही. आण्णा दर वेळी म्हणायचे तेच म्हणाले. "बघू." आणि मी दारातल्या उन्हात उभा राहून विचार केला, की यांच्या टोकाचं मी किती फूल करून ठेवलंय.

रात्री जेवताना पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. टेम्पो सकाळी सहाला पोचतो, म्हणाले. आणि हो, ते ग्रीस की काय ते, वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला टाकली की तेच मारून देतील ना? मी ते जसंच्या तसं आण्णांना सांगितलं. माझ्या डोक्यात काही नव्हतं, भाकरीचा तुकडा होता.

आण्णांचा घास थांबला. "वर्षातून?"

"असं म्हणाले."

लातूरहून आलेली ताई पाठीमागं भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "जाऊ द्या ना आण्णा. गाडी त्यांची झाली आता. बघून घेतील. तुम्हाला टेम्पोत बसणं झेपणार आहे का?"

मी दोघांकडं बघितलं. ताईचा हात थांबला नव्हता. आण्णा काही बोलले नाहीत. ताट सारलं, हात धुतला, आणि देवघरात जाऊन बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

सकाळी सहाला टेम्पो आला तेव्हा आण्णा धोतर-टोपी घालून ओट्यावर तयार बसलेले. शेजारी आईची कापडी पिशवी, तिच्यात दोन जोड कपडे, गोळ्यांचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली मिस्त्रींची जुनी ग्रीसगन. कधी विकत घेतली, किती पैसे दिले, विचारायची सोय नव्हती.

"चार दिवस," त्यांनी मला बोट दाखवलं. "निपलं कुठं कुठं आहेत ती त्या माणसाला दाखवतो. अलाइनमेंट माझ्यासमोर होऊ दे. मग बघू."

ते टेम्पोच्या केबिनमध्ये चढले. दार लावून घेताना त्यांनी मागं दोरखंडानं बांधलेल्या गाडीकडं एकदा बघितलं, मग मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच हसून म्हणाले, "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. दुसरं काय."